रियासतकार आणि पेशवे दफ्तर

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५–१९५९) यांची उमेदीची वर्षे बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत गेली. पुण्याचे पेशवे दफ्तर हाती आले तेव्हा त्यांची साठी उलटली होती. हे मोडी कागद इंग्रज सरकारने सांभाळले ते मुख्यतः इनाम-वतनांचे दावे तपासण्यासाठी. इतिहासाभ्यासकांना तेथे सहसा प्रवेश नसे. त्या हजारो रुमालांतून सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड सिद्ध केले. छत्तीसगडावर अंमल बसविणाऱ्या नागपूरकर भोसल्यांनाही त्यांत स्वतंत्र खंड लाभला. वाचनातील व कालनिर्णयातील चुकांवर पुणेकर संशोधकांनी टीका केली. ती अगदीच निराधार नव्हती. मात्र निवडीबाहेरचे रुमाल टाकून दिले गेले नाहीत. पुण्याच्या पुरालेखागारात रियासतकारांचे वाचन आजही मूळ कागदाशी ताडून पाहता येते.