दहाच्या आकड्यात अडकलेला चॅम्पियन : जर्सी जो वॉलकॉट

मुहम्मद अली यांचं एक छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असेल. खाली सनी लिस्टन पाठीवर पडलेले, त्यांच्यावर अली उभे, उजवा हात छातीपुढे दुमडलेला, तोंड उघडं. मोबाईलच्या स्टेटसवर, जिमच्या भिंतीवर, टी-शर्टवर, कुठेही ते भेटतं. पण बॉक्सिंगचा नियम माहीत असलेल्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. अली त्या क्षणी जिथे उभे आहेत, तिथे त्यांनी असायलाच नको होतं. त्यांना तिथून हलवायची जबाबदारी ज्या रेफरीवर होती, ते स्वतः एके काळचे जागतिक हेवीवेट चॅम्पियन होते. त्यांचं नाव जर्सी जो वॉलकॉट. आज आम्ही त्यांचीच हकीकत सांगणार आहोत.

त्यांचं खरं नाव आर्नल्ड रेमंड क्रीम. जन्म 31 जानेवारी 1914, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात. वडील बार्बाडोस बेटावरून आलेले. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, आणि वडील मुलाच्या लहानपणीच वारले. शाळा सुटली. कॅम्डन गावात सूप बनवणाऱ्या कारखान्यात पोरगा कामाला लागला. 1930 साली, सोळाव्या वर्षी तो पैशासाठी रिंगमध्ये उतरला. बार्बाडोसचाच जो वॉलकॉट नावाचा एक नामांकित मुष्टियोद्धा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेल्टरवेट चॅम्पियन होता. आर्नल्डने त्याचंच नाव घेतलं आणि पुढे ‘जर्सी’ लावलं.

नाव मोठं घेतलं तरी भाकरीचा प्रश्न सुटला नाही. पुढची चौदा-पंधरा वर्षं म्हणजे कधी लढत, कधी मजुरी, कधी सरकारी मदतीवर दिवस काढणं. लग्न झालं, सहा मुलं झाली. तेव्हाच्या अमेरिकेत काळ्या हेवीवेटला मोठी संधी मिळणं अवघडच होतं. 1915 मध्ये जॅक जॉन्सन हरले, त्यानंतर थेट 1937 मध्ये जो लुई यांना किताबासाठी लढायला मिळालं. मधली बावीस वर्षं दार बंद. वॉलकॉट यांनी तर कितीदा तरी बॉक्सिंग सोडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते कॅम्डनच्या जहाज कारखान्यात राबत होते.

फेलिक्स बोकिकियो नावाचा मॅनेजर त्यांना परत आणायला आला, तेव्हा वॉलकॉट यांनी एकच अट घातली असं सांगतात. आधी घरात खायला आणि चुलीला कोळसा, मग लढतीची बोलणी. दुसऱ्या दिवशी कोळसा घरी पोचला. बोकिकियोचं नाव काही फार स्वच्छ नव्हतं. पण उपाशी मुलांचा बाप कोळसा आणणाऱ्याची कुंडली बघत बसत नाही.

5 डिसेंबर 1947. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर जो लुई. वॉलकॉट यांना कुणी फारसं जमेस धरलं नव्हतं. त्यांनी पहिल्याच फेरीत लुईंना खाली पाडलं, चौथ्या फेरीत पुन्हा. पंधरा फेऱ्या संपल्या तेव्हा लुई आपण हरलो असं समजून निकाल ऐकण्याआधीच रिंगमधून निघाले होते, त्यांना थांबवावं लागलं. रेफरी रुबी गोल्डस्टाइन यांनी मत वॉलकॉट यांना दिलं. दोन जजनी लुईंना दिलं. दोनास एक, किताब लुईंकडेच राहिला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, पण त्याने फैसला बदलत नाही. पुढच्या वर्षी दुसरी लढत झाली. तिसऱ्या फेरीत लुई पुन्हा खाली गेले, मात्र अकराव्या फेरीत वॉलकॉट चीत झाले. नंतर एझार्ड चार्ल्सकडून दोनदा हार. चार संधी, चार पराभव, वय सदतीस.

पाचवी संधी 18 जुलै 1951 ला पिट्सबर्गमध्ये आली. सातव्या फेरीत डाव्या हाताचा एक हुक चार्ल्सच्या हनुवटीवर बसला आणि चार्ल्स तोंडावर पडले. त्या मोजणीबद्दल कुणाची हरकत नव्हती. वॉलकॉट तोपर्यंतचे सर्वांत वयस्क हेवीवेट चॅम्पियन ठरले. एकवीस वर्षांच्या सब्राचं हे फळ.

पुढे जाण्याआधी ही दहाची मोजणी म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण बहुतेकांना वाटतं की खेळाडू दहा सेकंद पडून राहिला की संपलं. एवढं सोपं नाही. रिंगबाहेर टाइमकीपर घड्याळ घेऊन बसतो. खेळाडू पडला की तो मोजायला लागतो. रिंगमधला रेफरी आधी दुसऱ्या खेळाडूला सर्वांत लांबच्या तटस्थ कोपऱ्यात पाठवतो, मगच टाइमकीपरचा आकडा उचलून मोठ्याने मोजू लागतो. कोपऱ्यात कुणी गेलंच नाही, तर मोजणी थांबते. म्हणजे घड्याळ एकाच्या हातात, आवाज दुसऱ्याचा, आणि तो आवाज कधी सुरू होणार हे तिसऱ्याच्या पायांवर. शाळेच्या मैदानावर कबड्डीला शिट्टी घेऊन उभं राहिलं की आम्हालाही हेच दिसतं. निम्मी भांडणं शिट्टी नेमकी कधी वाजली यावरूनच होतात.

हा कोपऱ्याचा नियम उगाच आलेला नाही. जॅक डेम्प्सी हे पडलेल्या खेळाडूच्या डोक्यावरच उभे राहायचे आणि तो उठता उठता पुन्हा ठोसा हाणायचे. त्याच डेम्प्सींना हा नियम भोवला. 22 सप्टेंबर 1927 ला शिकागोत, सातव्या फेरीत त्यांनी जीन टनी यांना पाडलं, पण सवयीने तिथेच थांबले. रेफरी डेव्ह बॅरी यांनी त्यांना कोपऱ्यात धाडल्यावर मोजणी एकपासून सुरू केली. टनी नऊवर उठले, प्रत्यक्षात त्यांना चौदाएक सेकंद मिळाले होते. लढत टनींनी जिंकली. ‘लांबलेली मोजणी’ म्हणून तो वाद आजही चालतो. आमच्या मते बॅरी यांचं चुकलं नाही.

आता वॉलकॉट यांच्याकडे परत. 23 सप्टेंबर 1952 ला फिलाडेल्फियात समोर एकही लढत न हरलेला रॉकी मार्सियानो. पहिल्याच फेरीत वॉलकॉट यांनी त्याला पाडलं, मार्सियानो आयुष्यात प्रथमच खाली गेला. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही गुणपत्रिकांवर वॉलकॉट पुढे होते. तेराव्या फेरीत उजव्या हाताचा एकच आखूड ठोसा आला आणि किताब गेला.

परतीची लढत 15 मे 1953 ला शिकागोत झाली. पहिली फेरीही पुरी झाली नाही. ठोसा खाऊन वॉलकॉट पडले, उठून बसले आणि दोरीचा आधार घेऊन तसेच बसून राहिले. रेफरी फ्रँक सिकोरा मोजत होते. दहाचा आकडा पडला आणि त्याच्या पाठोपाठच वॉलकॉट उभे राहिले. खेळ खलास. मॅनेजरने आरडाओरड केली की मोजणी घाईने झाली. लोक ओरडले की लढत विकली गेली. त्यांना या लढतीचे अडीच लाख डॉलर ठरलेले असल्यामुळे संशयाला खतपाणीच मिळालं. आम्हाला मात्र हे हिशेब चुकल्याचं प्रकरण वाटतं. जाणते खेळाडू आठ-नऊपर्यंत बसून दम घेतात, तेवढा त्यांचा हक्क आहे. पण डोकं सुन्न असताना नऊ आणि दहामधलं अंतर ओळखणं सोपं नाही. वॉलकॉट पुन्हा कधी लढले नाहीत. तेवीस वर्षांच्या मेहनतीचा शेवट असा बसल्या जागी झाला.

नंतर ते एका सिनेमात दिसले, कॅम्डनच्या वाट चुकलेल्या पोरांसाठी काम करू लागले, रेफरी म्हणूनही उभे राहू लागले. आणि 25 मे 1965 ला मेन राज्यातल्या लुइस्टन नावाच्या छोट्या गावात अली-लिस्टन ही दुसरी लढत त्यांच्याकडे आली. लढत खरं तर बॉस्टनला होणार होती. अलींच्या हर्नियाच्या ऑपरेशनमुळे ती लांबली, मग बॉस्टनने अंग काढून घेतलं. शेवटी बर्फावरच्या हॉकीच्या सभागृहात फक्त 2,434 प्रेक्षक. फेब्रुवारीत माल्कम एक्स यांची हत्या झालेली, त्यामुळे दारावर झडती, हवेत भीती. अलींनी इस्लाम स्वीकारल्याचं जाहीर करून वर्ष उलटलं होतं, तरी बरीच वर्तमानपत्रं त्यांना जुन्याच नावाने छापत होती.

पहिल्याच फेरीत अलींचा उजवा ठोसा लिस्टनच्या डाव्या हातावरून इतक्या झटकन आत गेला की निम्म्या लोकांना दिसलाच नाही. लिस्टन पडले. अली कोपऱ्यात जायचं सोडून डोक्यावर उभे राहून त्यांना उठायला सांगत राहिले. ते प्रसिद्ध छायाचित्र याच घटकेचं. वॉलकॉट अलींना आवरायला धावले. तिकडे टाइमकीपर फ्रान्सिस मॅकडोना आपल्या घड्याळाप्रमाणे मोजतच होते, पण त्यांचा आवाज त्या गोंगाटात रेफरीपर्यंत पोचेना. लिस्टन एका गुडघ्यावर आले, पुन्हा कोलमडले, मग उठले. वॉलकॉट यांनी लढत पुढे सुरू होऊ दिली! तेवढ्यात रिंगजवळ बसलेले ‘द रिंग’ मासिकाचे संपादक नॅट फ्लायशर ओरडून सांगू लागले की लिस्टन दहापेक्षा जास्त पडून होते. वॉलकॉट दोघांना ठोसे मारत तसेच सोडून दोरीकडे गेले, ऐकलं, परत येऊन दोघांना वेगळं केलं आणि अलींना विजयी घोषित केलं. अधिकृत वेळ एक मिनिट सांगितली गेली. चित्रफितीत दोन मिनिटांहून जास्त भरते.

फ्लायशर यांचा दर्जा मोठा, पण त्या रात्री ते फक्त प्रेक्षक होते. वॉलकॉट यांनी विचारायचं होतं ते टाइमकीपरला. आणि खरं तर विचारायचीही गरज नव्हती. अली कोपऱ्यात गेले नाहीत तोवर रेफरीची मोजणी सुरूच झालेली नव्हती. न मोजलेल्या दहावर माणूस बाद कसा होतो? अली आमचे कितीही लाडके असले तरी इन्साफाने बोलायचं तर लिस्टन यांना त्या रात्री नियमाप्रमाणे मोजणी मिळाली नाही. लढत पुढे चालली असती तरी अलीच जिंकले असते असं आम्हाला वाटतं, पण तो वेगळा मुद्दा. लढत आधीच ठरलेली होती ही कुजबुज साठ वर्षं चालू आहे. वॉलकॉट त्यात सामील होते याचा पुरावा मात्र कुणी पुढे आणलेला नाही. गोंधळलेल्या माणसाने ऐनवेळी आपल्याहून मोठ्या वाटणाऱ्या माणसाचं ऐकलं, आम्हाला तरी एवढंच दिसतं. शिवाय बारा वर्षांपूर्वी याच माणसाला स्वतःच्या मोजणीचा दहा ऐकताना उशीर झाला होता.

लुइस्टनची शोहरत त्यांना कायमची चिकटली. पण कॅम्डनच्या लोकांनी त्यांना त्या दोन मिनिटांवरून तोललं नाही. 1971 मध्ये ते कॅम्डन काउंटीचे शेरीफ म्हणून निवडून आले, त्या पदावर बसलेले पहिले काळे गृहस्थ. 1975 ते 1984 या काळात न्यू जर्सीच्या अ‍ॅथलेटिक कमिशनचे ते अध्यक्ष होते, म्हणजे राज्यातलं बॉक्सिंग त्यांच्याच देखरेखीखाली आलं. 1990 मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव गेलं.

25 फेब्रुवारी 1994 ला कॅम्डनमध्ये त्यांचं निधन झालं, वय ऐंशी. त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला पंचेचाळीस वर्षांच्या जॉर्ज फोरमन यांनी मायकेल मूरर यांना दहाव्या फेरीत पाडलं आणि सर्वांत वयस्क चॅम्पियनचा वॉलकॉट यांचा मान आपल्याकडे घेतला. फोरमन कोपऱ्यात गेले, रेफरीने दहा मोजले, मूरर उठले नाहीत. मोजणीवरून कुणी तक्रार केली नाही.