सुभेदारांचा हिशेब

देहूरोड हे लष्करी गाव. डेपोत हयात घालवून पेन्शनीत निघालेले आमचे कितीतरी बांधव इथे राहतात. आम्ही वकिली करतो. चेक न वटल्याचे, कलम १३८ चे खटले घेऊन हेच बांधव आमच्याकडे येतात. कर्ज पोराचे, मोटारसायकलीचे नाहीतर लग्नाच्या मांडवाचे, सही बापाची. पोराला आधी का बोलला नाहीत, असे विचारले की मान खाली जाते. कमावत्या मुलापुढे घरातली तंगी कशी सांगायची, ही लाज. अशा वेळी आम्हाला सुभेदार रामजी मालोजी सकपाळ आठवतात.

मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. लष्करात सुभेदार, लष्करी शाळेत १४ वर्षे मुख्याध्यापक. कबीरपंथी, त्यामुळे दारू-मटणाला घरात थारा नाही. १८९१ साली भीमराव जन्मले, ते चौदावे अपत्य. निवृत्तीनंतर साताऱ्यात नोकरी, तिथेच भीमाबाई गेल्या. मुंबईला पळून गिरणीत काम करावे म्हणून लहानग्या भीमाने आत्याचा बटवा लांबवायचा प्रयत्न केला, तो साताऱ्यातच. तीन रात्री फुकट गेल्या, चौथ्या रात्री बटवा हाती आला तर आत अर्धा आणा! त्या दिवसापासून भीमाने मन अभ्यासात घातले.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला, परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत आले. पेन्शन तुटपुंजे. थोरल्या आनंदरावांची शाळा सुटली, ते कामाला लागले. रामजींच्या काटकसरीची ही किंमत थोरल्या मुलाने मोजली, हेही सांगितले पाहिजे. खोलीत दोघांना पाय पसरायला जागा नव्हती. म्हणून भीमाने लवकर झोपायचे, रात्री दोनला वडिलांनी उठवायचे आणि त्याच जागी स्वतः आडवे व्हायचे.

भीमाला नवे पुस्तक हवे असले की रामजी आधी धाकट्या लेकीच्या घरी जात, चार रुपये उसने मागत. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. ती अंगावरचा दागिना काढून देई. दागिना गहाण पडे, पुस्तक घरी येई आणि पेन्शन हाती पडले की दागिना सोडवून लेकीच्या हवाली होई. लग्न झालेल्या मुलींपुढे हात पसरताना सुभेदारांना कमीपणा वाटला नाही आणि परतफेडीचा दिवस त्यांनी चुकवला नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत, असा कर्जदार शोधून सापडत नाही. कुठे आखडायचे आणि कुठे कर्ज काढूनही खर्चायचे, हे मुले रोज डोळ्यांनी पाहत होती.

बी.ए. झाल्यावर भीमरावांनी बडोद्याची नोकरी धरली. रामजींना ते पसंत नव्हते. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. वाटेत सुरतेला भीमराव वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी निघून गेली. मुंबईला पोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले.

त्याच वर्षी भीमराव बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. शिष्यवृत्तीतून घरीही पैसे पाठवायचे, म्हणून पोटाला चिमटा. पुस्तके मात्र पेट्या भरून घेतली. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार ४५० रुपये. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. तरी बिऱ्हाड परळच्या चाळीतच राहिले. रमाबाईंच्या हाती घरखर्चाची ठरलेली रक्कम जाई, उरलेले लंडनसाठी बाजूला. त्या शिलकीत शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे ५,००० रुपये कर्ज पडले, तेव्हा १९२० साली बाबासाहेब पुन्हा बोटीत चढले. तिथे अर्धपोटी राहून त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय रुपया हाच होता.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आमच्या देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दर वर्षी त्या दिवशी विहारात गर्दी होते. बाप-लेक जोडीने येतात. येत्या २५ डिसेंबरला विहारातून घरी गेल्यावर बापाने पेन्शनचे पासबुक लेकापुढे उघडून ठेवावे, एवढे आम्ही आमच्या अशिलांना सांगून ठेवले आहे.