विश्लेषण : ट्रकच्या मॉडेलचे सुटे भाग मिळेनात? ही अडचण सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवणारे फ्रँक हॉर्नबी कोण होते?

टाटा किंवा लेलँडचा ट्रक हुबेहूब छोट्या आकारात घरी बनवणाऱ्यांचे व्हिडीओ तुमच्याही मोबाइलवर आले असतील. शीट कापून केबिन उभी राहते, हौदा होतो, रंग आणि नक्षीही जमते. गाडी अडते ती टायरपाशी. मापात बसणारा टायर मिळत नाही. तो मिळाला तर त्याला साजेसा ॲक्सल मिळत नाही आणि ॲक्सल जुळला तर त्यावर घट्ट बसेल असा गिअर सापडत नाही. छोट्या मॉडेलच्या छंदात खरा वेळ बनवण्यापेक्षा भाग शोधण्यात जातो. इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या एका हिशेबनिसापुढे १८९९ मध्ये हीच अडचण होती. त्यांचे नाव फ्रँक हॉर्नबी. मेकॅनो, हॉर्नबी रेल्वे आणि डिंकी टॉइज ही खेळण्यांच्या दुनियेतील तीन मोठी नावे या एकाच माणसाची.

हॉर्नबी इंजिनीअर होते का?

अजिबात नाही. १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूलमध्ये त्यांचा जन्म झाला. वडिलांचा खाद्यपदार्थांचा व्यापार होता. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि फ्रँक वडिलांच्याच दुकानात रोखपाल म्हणून बसू लागले. १८८७ मध्ये क्लारा गॉडफ्रॉय या शिक्षिकेशी त्यांचे लग्न झाले. १८९९ मध्ये वडील गेले, व्यवसाय बंद झाला आणि डेव्हिड एलियट या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे ते हिशेबनीस म्हणून लागले. कारखान्याचा अनुभव नाही, यंत्रशास्त्राचे शिक्षण नाही आणि पगारही बेताचाच.

घरी मात्र त्यांचे एक छोटे वर्कशॉप होते. रोलंड आणि डग्लस या मुलांसाठी ते तिथे पत्रा कापून पूल, मालगाड्या आणि क्रेन बनवत. प्रत्येक खेळण्यासाठी प्रत्येक भाग नव्याने कापावा लागे. क्रेनसाठी केलेला तुकडा गाडीला चालत नसे. एक मॉडेल संपले की त्यावरची मेहनतही तिथेच संपे. एका रेल्वेप्रवासात आपल्याला यावरचा उपाय सुचला, असे हॉर्नबी पुढे सांगत. भाग एकाच मापाचे करायचे, त्यांना ठराविक अंतरावर भोके पाडायची आणि नट-बोल्टने जोडायचे. मग त्याच तुकड्यांची आज क्रेन होईल आणि उद्या गाडी.

पाच पौंडांची उधारी कशासाठी?

पहिल्या पट्ट्या त्यांनी तांब्याच्या पत्र्यातून हाताने कापल्या. सुरुवातीला नट आणि बोल्टही घरीच बनवले. मग ते बाहेरून मिळवण्याची सोय झाली आणि मोठे काम हलके झाले. जानेवारी १९०१ मध्ये पेटंटसाठी अर्ज करायचा होता, पण खर्चाला पैसे नव्हते. ते पाच पौंड त्यांनी मालकाकडून, म्हणजे एलियट यांच्याकडून उसने घेतले. एलियट तेवढ्यावर थांबले नाहीत. कचेरीशेजारची रिकामी जागा त्यांनी दिली आणि पुढे भागीदारीही केली. मांसाच्या व्यापाऱ्याने लोखंडी पट्ट्यांच्या खेळण्यात पैसा घालावा, याला नजर लागते.

नंतरचा रस्ता मात्र सोपा नव्हता. पहिल्या नमुन्यांचे फिनिशिंग ओबडधोबड होते आणि ते बनवून द्यायला कारखानदार उत्सुक नव्हते. लिव्हरपूल विद्यापीठातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांनी या संचाची लेखी शिफारस केली, तेव्हा कुठे दारे उघडली. १९०२ मध्ये ‘मेकॅनिक्स मेड ईझी’ या नावाने संच बाजारात आला. त्यात १६ प्रकारचे भाग होते आणि १२ मॉडेलची माहिती देणारे पत्रक. १९०३ मध्ये १,५०० संच खपले, तरी नफा शून्य. थोडासा नफा दिसायला १९०६ उजाडले.

पुढच्याच वर्षी उलटी अडचण आली. मागणी वाढली आणि भाग पुरवणारे कमी पडू लागले. हॉर्नबी यांनी नोकरी सोडली, लिव्हरपूलच्या ड्यूक स्ट्रीटवर जागा भाड्याने घेतली आणि जून १९०७ पर्यंत स्वतःच भाग बनवायला सुरुवात केली. सप्टेंबरमध्ये ‘मेकॅनो’ हे नाव नोंदवले गेले. ३० मे १९०८ रोजी कंपनी स्थापन झाली, पण एलियट तिच्यात आले नाहीत. पाच पौंड देणाऱ्या या माणसाने नेमकी पैशांची रास लागण्याआधीच बाजूला व्हायचे ठरवले.

भोकांमधले अंतर अर्ध्या इंचाचेच का महत्त्वाचे?

हॉर्नबी यांची खरी करामत या भोकांत आहे. पट्टी अर्धा इंच रुंद आणि तिच्यावर दर अर्ध्या इंचाला एक भोक. हे भोक दोन कामे करते. त्यातून बोल्ट गेला तर ते जोड होते आणि गोल सळई गेली तर तेच भोक बेअरिंग होते. म्हणजे सांगाडा उभा करतानाच ॲक्सल, कप्पी आणि गिअर यांच्या जागा आपोआप तयार होतात. वेगळे मोजावे लागत नाही, ड्रिलही लागत नाही.

गिअरही याच मापात बसवलेले आहेत. १९ दातांचा छोटा गिअर आणि ५७ दातांचा मोठा गिअर एकमेकांत नीट अडकतात ते त्यांच्या केंद्रांमध्ये एक इंच अंतर असताना. एक इंच म्हणजे बरोबर दोन भोके. छोटा गिअर तीनदा फिरला की मोठा एकदा फिरतो. ज्याने ट्रकचा गिअरबॉक्स घरी जुळवायचा प्रयत्न केला आहे, त्याला या दोन ओळींची किंमत कळेल. केंद्रांतले अंतर केसाएवढे चुकले तरी दाते घासतात किंवा निसटतात.

याच्या जोरावर १९२० च्या दशकात मेकॅनोने मोटारीच्या चेसीचे एक मोठे मॉडेल मांडले. त्यात क्लच होता, वेग बदलणारा गिअरबॉक्स होता, पाट्यांच्या कमानी होत्या. वळताना आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या कोनात वळवणारे स्टिअरिंग होते. मागच्या दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शिअलही होता. ट्रकच्या पोटात जे चालते, ते सगळे टेबलावर उघडे दिसत होते.

भाग सुटे विकण्याची युक्ती काय होती?

प्रत्येक भागाला क्रमांक होता. १ नंबर म्हणजे साडेबारा इंचांची, २५ भोकांची पट्टी. ५ नंबर म्हणजे अडीच इंचांची, पाच भोकांची. ३७ नंबर नट-बोल्ट. दुकानदाराकडे जाऊन नुसता नंबर सांगितला की एकच तुकडाही मिळे. बोल्ट हरवला म्हणून संच वाया जात नसे. शिवाय जोडसंच होते. लहान संच असलेल्या मुलाने मधला जोडसंच घेतला की त्याच्याकडे पुढच्या क्रमांकाचा संच तयार. बेताच्या पगारावर दोन मुलांची हौस भागवलेल्या माणसालाच हे सुचू शकते. अर्थात, यात धंद्याचे गणितही पक्के होते. गिऱ्हाईक एकदा आले की वर्षानुवर्षे येत राही.

१९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. १९१६ पासून मेकॅनो मासिक सुरू झाले. १९२० मध्ये हॉर्नबी रेल्वे आली. तिची पहिली इंजिने आणि डबेही नट-बोल्टने जोडलेले होते, म्हणजे खोलून पुन्हा जुळवता येत.

मग हुबेहूब ट्रक कधी आला?

मेकॅनोचा ट्रक आतून खरा होता, बाहेरून नाही. सगळीकडे भोके दिसत आणि केबिनचे गोलसर वळण पट्ट्यांनी साधत नसे. शिवाय प्रमाण आपण ठरवायचे नसते, ते टायर ठरवतो. मेकॅनोच्या मापाने मॉडेल करणारे आधी उपलब्ध टायर मोजतात आणि मग बाकीच्या ट्रकचे माप काढतात. खऱ्या मालट्रकचे चाक साधारण एक मीटर उंच असते. मेकॅनोचा मोठा टायर तीन इंचांचा, म्हणजे ७६ मिलिमीटर. भागाकार केला की मॉडेल साधारण १:१३ प्रमाणाचे होते. दोन इंचांचा टायर घेतला तर तोच ट्रक १:२० च्या घरात जातो. मधले माप हवे असेल तर टायर शोधत फिरणे आले.

बाहेरून खऱ्यासारखी दिसणारी गाडी हॉर्नबी यांच्या कंपनीने दुसऱ्या वाटेने आणली. खेळण्यातल्या रेल्वे स्टेशनाबाहेर उभ्या करायला गाड्या हव्यात, म्हणून १९३३ मध्ये २२ क्रमांकाचा सहा वाहनांचा संच आला. दोन मोटारी, एक ट्रक, एक डिलिव्हरी व्हॅन, एक ट्रॅक्टर आणि एक रणगाडा. ट्रकचा क्रमांक होता २२ सी. १९३४ मध्ये या गाड्यांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले आणि त्याच वर्षी मालवाहू वाहनांची वेगळी मालिका आणि जाहिराती रंगवलेल्या व्हॅनही आल्या. सुटे रबरी टायर इथेही वेगळे विकत मिळत.

आज संग्राहक २२ सी समोर नतमस्तक होतात, पण खरे सांगायचे तर तो कुठल्याही एका कंपनीच्या खऱ्या ट्रकची नक्कल नव्हता. ट्रक साधारण असा दिसतो, एवढेच त्यात होते. खऱ्या कंपन्यांची नावे घेऊन केलेल्या गाड्या १९३५ च्या सुमारास आल्या, त्याही आधी मोटारींच्या. ओळखू येणारे फोडेनचे जड ट्रक यायला तर १९४७ उजाडले.

ते पाहायला हॉर्नबी नव्हते. १९३१ मध्ये ते हुजूर पक्षातर्फे लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून खासदार झाले होते. संसदेत त्यांचा ठसा फारसा उमटला नाही आणि प्रकृतीही साथ देत नव्हती. १९३५ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. हृदयविकार आणि मधुमेह यांनी २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर ते लक्षाधीश होते आणि लिव्हरपूलजवळच्या माघल येथे त्यांचा प्रशस्त बंगला होता. कंपनीची सूत्रे मुलगा रोलंड यांच्याकडे गेली.

जुने ट्रक आपोआप का तडकतात?

पहिले डिंकी ट्रक शिशाचे ओतीव होते. नंतर कंपनीने जस्ताचा मिश्रधातू घेतला. तो साच्यात बारीक तपशील चांगला पकडतो. पण त्यात शिशाची किंचित भेसळ झाली तरी धातू आतून पोखरला जातो. वर्षांनुवर्षांनी गाडी फुगते, तिला भेगा पडतात आणि एक दिवस हातातच तुकडे होतात. दमट हवेत हे आणखी लवकर होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बऱ्याच डिंकी अशाच गेल्या. यावर औषध नाही. म्हणून जुना डिंकी ट्रक विकत घेताना रंगापेक्षा चेसीकडे आधी पाहतात. ती वाकली असेल, लांबी वाढली असेल किंवा केसासारखी भेग दिसत असेल तर कितीही स्वस्त असला तरी हात लावू नये. टायर कडक होतात, पण ते नवे बनवलेले मिळतात. चाके, लोखंडी जाळी, दिवे यांच्या ओतीव प्रतिकृतीही छंदी लोकांसाठी बनतात. चेसीच गेली तर मात्र बदलायला काही उरत नाही.

मेकॅनोच्या पोलादी पट्टीला गंज सोडला तर असा रोग नाही. तिचा पेच वेगळाच आहे. तिचे मूळ बोल्ट ५/३२ इंची, जुन्या ब्रिटिश आट्यांचे. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला ४ मिलिमीटरचा बोल्ट तिच्या भोकातून आरपार जातो, मात्र जुन्या नटात वेढाभर फिरून अडकतो. जोर लावला तर दोन्ही जातात. जुन्या पट्ट्या वापरायच्या असतील तर नट आणि बोल्ट दोन्ही नवे, एकाच मापाचे घ्यावेत. जुना-नवा संसार करू नये.

आपल्याकडे भोकांच्या पट्ट्यांचे ‘मेकॅनिक्स’ संच अनेकांनी लहानपणी हाताळले असतील. त्याची वंशावळ हॉर्नबी यांच्या त्या तांब्याच्या पट्टीपर्यंत जाते. डिंकीचा भारताशी संबंध तर आणखी थेट आहे. वापरून झालेले काही साचे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोलकात्याला आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ नावाने गाड्या निघाल्या. काही साच्यांवरच्या ‘डिंकी’ या अक्षरांतच फेरफार करून ‘निकी’ कोरले होते. त्यात मोटारीच जास्त होत्या. लिव्हरपूलच्या बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. घरात जुन्या खेळण्यांच्या डब्यात अशी एखादी गाडी असेल, तर ती उलटी करून खालचे नाव वाचून पाहा.