ध्वनिफितीवर माणसे विणणारा वादक

10 एप्रिल 1964 रोजी लॉस एंजेलिस येथे कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांची मैफल झाली. त्यानंतर ते पुन्हा कधीही श्रोत्यांसमोर वाजवायला बसले नाहीत. निरोपाची घोषणा झाली नव्हती, निमंत्रणांची वाण नव्हती, हातांनीही दगा दिला नव्हता. त्यांचे वय अवघे 31 होते आणि बाखचे संगीत वाजवणारा त्यांच्या तोडीचा वादक त्या पिढीत क्वचितच असेल. पुढची अठरा वर्षे त्यांनी बंद स्टुडिओत, बहुधा रात्रीच्या वेळी, मायक्रोफोन आणि ध्वनिफितीच्या सोबतीने घालवली. पियानोवादक म्हणून गूल्ड जगाला ठाऊक आहेत. त्याच स्टुडिओत पियानोला हातही न लावता, केवळ माणसांचे बोलणे कापून-जोडून त्यांनी जे घडवले, त्याची ओळख मात्र फार थोड्यांना आहे.

त्यांचा जन्म 25 सप्टेंबर 1932 रोजी टोरांटोत झाला. वडिलांचा फर व्यवसाय होता. आई गाणे आणि पियानो शिकवीत असे आणि दहा वर्षांचा होईपर्यंत तीच ग्लेनची गुरू होती. पुढे टोरांटोच्या संगीत संस्थेत अल्बर्टो ग्वेरेरो यांच्याकडे त्याचे शिक्षण झाले. किशोरवयातील एक प्रसंग गूल्ड पुढे वारंवार सांगत. मोझार्टचा एक फ्युग तो घोटत असता घरकामाच्या बाईने पियानोशेजारीच व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला. यंत्राच्या घरघरीत पियानो जवळजवळ ऐकू येईनासा झाला. पण बोटांना सूर जाणवत होते आणि जे कानांना ऐकू येत नव्हते ते मनात अधिक स्वच्छ उमटत होते. दुसरा कुणी यंत्र बंद करायला सांगता. या मुलाला ते आवडले. नंतर एखादी कठीण रचना बसवताना दोन रेडिओ किंवा रेडिओ आणि दूरदर्शन संच मुद्दाम एकाच वेळी मोठ्याने लावून ठेवण्याची सवयच त्याने लावून घेतली. एका कानाने एक, दुसऱ्याने दुसरे आणि मनाने तिसरेच ऐकणे ही त्याच्या लेखी विचलित होण्याची नव्हे, एकाग्र होण्याची रीत होती.

फ्युग म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगायला हवे, कारण गूल्ड यांचे सारे आयुष्य त्या एका कल्पनेभोवती फिरले. एक स्वरवाक्य एकटेच सुरू होते. ते पुढे सरकते न सरकते तोच दुसरा आवाज तेच वाक्य वेगळ्या पट्टीत उचलतो, मग तिसरा. कुणी कुणाची साथ करत नाही. प्रत्येक आवाज स्वतंत्र चालतो आणि तरीही सर्व मिळून एक वस्त्र तयार होते. जुगलबंदीत दोन कलावंत बहुतेक वेळा आळीपाळीने बोलतात. फ्युगमध्ये सगळे एकदमच बोलतात, आणि ऐकणाऱ्याने कोणाचा धागा धरायचा हे त्याचे त्याने ठरवायचे असते.

24 डिसेंबर 1950 रोजी, अठरा वर्षांचे असताना, गूल्ड यांनी कॅनडाच्या सीबीसी या सार्वजनिक नभोवाणीवर पहिल्यांदा स्वतंत्र कार्यक्रम सादर केला. मोझार्ट आणि हिंडेमिथ यांचे एकेक सोनाटा त्यांनी वाजवले. स्टुडिओतला पियानो त्यांना जड, खर्जाकडे झुकलेला वाटला. कार्यक्रमाची तबकडी घरी नेऊन त्यांनी आपल्या यंत्रावर खालचे सूर दाबले, वरचे सूर उचलले, आणि नको असलेला तो पियानो बदलून हवा तसा वाजू लागला. आज ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शाळकरी मूलही हे सहज करते. त्या काळी एका वादकाला मात्र त्यातून आयुष्याची दिशा सापडली. वाजवून झाले म्हणजे काम संपले असे नाही, मायक्रोफोनच्या पलीकडे कामाचा दुसरा भाग सुरू होतो, हे त्यांना त्या दिवशी उमगले.

1955च्या जूनमध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सचे ध्वनिमुद्रण केले. पुढील वर्षी ती तबकडी बाजारात आली आणि ते एकाएकी जगप्रसिद्ध झाले. 1957 मध्ये सोव्हिएत संघाचा दौरा झाला. वडिलांनी करून दिलेली, जमिनीपासून जेमतेम चौदा इंच उंचीची घडीची खुर्ची घेऊन ते गावोगाव फिरत, उन्हाळ्यातही ओव्हरकोट आणि हातमोजे घालत, वाजवताना स्वतःशीच गुणगुणत. वृत्तपत्रांना हा तऱ्हेवाईकपणा फार रुचला आणि त्यांनी तो पुरवून पुरवून छापला. मैफलीची मात्र त्यांना धास्ती वाटे. शेकडो डोळे आपल्यावर रोखलेले आहेत, चूक झाली तर परत फिरता येत नाही, या अवस्थेत संगीत होतच नाही, असे त्यांचे ठाम मत बनले.

परत फिरता येण्याची सोय फितीने दिली. बाखच्या वेल-टेम्पर्ड क्लाव्हियरच्या पहिल्या खंडातील ए मायनर फ्युगचे ध्वनिमुद्रण याचे उत्तम उदाहरण आहे. अनेक वेळा वाजवून झाल्यावर सहावा आणि आठवा प्रयत्न निर्दोष ठरले. काही आठवड्यांनी ऐकताना लक्षात आले, की सहावा गंभीर आहे, पण सबंध रचनेत तेच ते गांभीर्य कंटाळा आणते. आठवा उल्हसित आहे, पण तोही एकसुरी. दोघांची लय जुळत होती. सहाव्याचा आरंभ आणि शेवट घेऊन मधला भाग आठव्यातून जोडला गेला, आणि कुठल्याही एका बैठकीत न वाजलेला असा फ्युग जन्माला आला. 1966 साली एका दीर्घ लेखात गूल्ड यांनी हे स्वतःच उघड केले. ही फसवणूक नव्हे काय, या आक्षेपाला त्यांच्या दृष्टीने अर्थ नव्हता. चित्रपट तुकड्यांत घेतला म्हणून कुणी खोटा म्हणत नाही.

जे सुरांचे करता येते ते माणसांच्या बोलण्याचे का करू नये, हा पुढचा प्रश्न होता. उपाहारगृहात एकट्याने बसून आसपासच्या टेबलांवरची चार-पाच संभाषणे एकदम ऐकण्याचा त्यांना नाद होता. 1965च्या उन्हाळ्यात ते विनिपेगहून चर्चिलला जाणाऱ्या मस्केग एक्स्प्रेसमध्ये बसले. सुमारे 1,700 किलोमीटरचा, एक दिवस आणि दोन रात्रींचा हा रेल्वेप्रवास हडसन उपसागराच्या काठी संपतो. त्या गाडीत त्यांना वॉली मॅक्लीन हे निवृत्त भूमापक भेटले. उत्तरेच्या ओसाड प्रदेशात आयुष्य काढलेला, अफाट वाचलेला हा माणूस दिवसभर बोलत राहिला. कॅनडाच्या शताब्दी वर्षात सीबीसीने गूल्ड यांना एक तासाचा कार्यक्रम करायला सांगितले, तेव्हा त्यांनी विषय निवडला तो उत्तर दिशेचा आणि तिथल्या एकांताचा.

मॅक्लीन यांच्याखेरीज एक परिचारिका, एक समाजशास्त्रज्ञ, एक भूगोलतज्ज्ञ आणि एक सरकारी अधिकारी अशा चौघांच्या मुलाखती त्यांनी वेगवेगळ्या घेतल्या. या पाचांची एकमेकांशी गाठ घालून दिली नाही. मुलाखतींतले स्वतःचे प्रश्न त्यांनी कापून टाकले; छोट्या प्रास्ताविकाखेरीज त्यांचा आवाज कार्यक्रमात नाही. उरलेल्या तासन्‌तासांच्या बोलण्याची टंकलिखित प्रत करून त्यावर खुणा करायच्या, आणि मग सीबीसीचे तंत्रज्ञ लॉर्न टल्क यांच्यासोबत रात्रीमागून रात्री फीत कापायची, असे काम चालले. आज पडद्यावर आवाजाची लाट दिसते, बोटाच्या हालचालीने तुकडा उचलता येतो आणि चुकले तर पूर्ववत करता येते. तेव्हा स्टुडिओत फीत सेकंदाला पंधरा इंच धावे. हवा असलेला शब्द शोधण्यासाठी रीळ हाताने मागेपुढे फिरवायचे, पेन्सिलीने खूण करायची, दाढीच्या पात्याने तिरका छेद द्यायचा आणि चिकटपट्टीने टोके जोडायची. एखाद्याचे अडखळणे काढायचे तर बोटभर फीत जाई. श्वास चुकून कापला गेला तर माणूस यंत्रासारखा बोलू लागे.

28 डिसेंबर 1967 रोजी प्रसारित झालेल्या ‘द आयडिया ऑफ नॉर्थ’ची सुरुवात परिचारिकेच्या शांत आवाजाने होते. विमानातून पाहिलेल्या उत्तरेबद्दल ती बोलत असते. तिचे वाक्य पूर्ण व्हायच्या आत समाजशास्त्रज्ञाचा, उत्तरेचे काडीचेही कौतुक नसलेला आवाज तिच्या आवाजावर येतो, मग तिसरा. शब्द एकमेकांत बुडतात. कुणाचा आवाज कुठे उचलायचा, कुठे मागे न्यायचा, एकाच्या तोंडचा शब्द दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दाला कुठे भिडवायचा, हे सारे तोलून ठरवलेले आहे. ध्वनिमुद्रण एकमार्गी असल्यामुळे एक आवाज डावीकडे आणि दुसरा उजवीकडे ठेवण्याची सोयही नव्हती. अंतर दाखवायला केवळ पट्टी आणि पोत हाताशी होते. त्यानंतर तासभर गाडीचा खडखडाट तंबोऱ्यासारखा खाली चालू राहतो आणि त्याच्या आधाराने माणसे बोलतात. भोजनाच्या डब्यात सर्वजण एकत्र बसून वाद घालत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ते त्या गाडीत एकत्र कधी बसलेच नव्हते.

नभोनाट्यांवर वाढलेल्या श्रोत्यालाही हे ऐकताना प्रथम गोंधळायला होते. कॅनडातही अनेकांनी तक्रार केली, की दोघे एकदम बोलतात तेव्हा काहीच कळत नाही. गूल्ड यांना ती तक्रार मान्य नव्हती. ऑपेरात चौघे एकाच वेळी गातात तेव्हा कुणी प्रत्येक शब्दाचा हिशेब मागत नाही, मग बोलण्याकडूनच तो का मागावा, असा त्यांचा पवित्रा होता. त्यांचे म्हणणे पूर्णतः पटणारे नाही, कारण बोलणारा माणूस अर्थासाठी बोलतो, सुरासाठी नव्हे. तरीही परिणाम नाकारता येत नाही. करुण पार्श्वसंगीताचा वापर न करता तो एकटेपणा अंगावर येतो. शेवटच्या काही मिनिटांत मात्र मॅक्लीन यांच्या स्वगताखाली सिबेलियसच्या पाचव्या सिंफनीची अखेरची लाट चढत जाते. एका तासात योजलेले हे एकच संगीत, आणि इतका वेळ राखून ठेवल्यामुळेच त्याला वजन आले आहे.

या कृतीतला एक अभाव आजच्या श्रोत्याला खटकल्यावाचून राहत नाही. उत्तर हे ज्यांचे घर आहे, त्या इनुइट लोकांपैकी एकाचाही आवाज तीत नाही. पाचही जण दक्षिणेतून तिकडे गेलेले. गूल्ड यांना एकांतात जाणाऱ्या माणसाचे मन हवे होते, प्रदेश नव्हे. पण शीर्षकात दिशेचे नाव आले की ही मर्यादा उघडी पडते.

पुढे 1969 मध्ये न्यूफाउंडलंड बेटावरील, ओस पडत चाललेल्या मच्छीमार वस्त्यांवरचा ‘द लेटकमर्स’ आला. येथे गाडीच्या जागी समुद्र आला आणि स्टिरिओमुळे माणसांना जागा मिळाल्या. कुणी जवळ, कुणी दूर, कुणी लाटांच्या पलीकडे. तिसरी कृती ‘द क्वायट इन द लँड’ मॅनिटोबातील मेनोनाइट पंथीयांविषयी. मुलाखती 1971च्या, पण प्रसारण 1977 मध्ये झाले. जगापासून अलग राहू पाहणाऱ्या समाजाच्या दारात जग उभे असल्याचे सांगण्यासाठी चर्चमधील प्रार्थना, मुलांचे समूहगान, बाखचा चेलो आणि जॅनिस जॉप्लिनचे गाणे असे थर त्यांनी एकमेकांवर चढवले. या तिन्ही मिळून ‘सॉलिट्यूड ट्रिलॉजी’ म्हणून ओळखल्या जातात. याखेरीज स्टोकोव्स्की, कझाल्स, शोनबर्ग आणि रिचर्ड स्ट्राउस यांच्यावरही त्यांनी नभोवाणीसाठी अशाच विणीचे माहितीपट केले.

स्वतः गूल्ड एकटेच राहिले. मित्रांना मध्यरात्री दूरध्वनी करून ते तासन्‌तास बोलत. त्याच मित्रांची प्रत्यक्ष भेट मात्र टाळत. समोरासमोर बसलेल्या माणसापेक्षा तारेतून येणारा आवाज त्यांना अधिक जवळचा वाटे. अखेरच्या वर्षांत टोरांटोच्या एका हॉटेलात जागा घेऊन तिथे त्यांनी स्वतःची संपादनाची यंत्रे मांडली होती.

1981 मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच स्टुडिओत त्यांनी गोल्डबर्ग व्हेरिएशन्स दुसऱ्यांदा ध्वनिमुद्रित केले, पहिल्याहून कितीतरी संथ लयीत. ही तबकडी 1982च्या सप्टेंबरमध्ये आली. त्याच महिन्याच्या 27 तारखेला, पन्नाशी पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि 4 ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. आपली मालमत्ता त्यांनी टोरांटोतील प्राणिमित्र संस्था आणि साल्व्हेशन आर्मी यांना दिली होती. व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत त्यांनी वाजवलेला बाखचा एक प्रिल्यूड आणि फ्युग 1977 पासून अवकाशात प्रवास करीत आहे.

टोरांटोत सीबीसीच्या इमारतीबाहेर एका बाकावर त्यांचा कांस्य पुतळा बसवलेला आहे. ओव्हरकोट आणि टोपी घातलेले गूल्ड त्यात पायावर पाय टाकून बसले आहेत. येणारेजाणारे त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर टेकतात, खांद्यावर हात ठेवून छायाचित्र काढतात आणि पुढे जातात.