हिमयुगांचा गणिती : मिलुटिन मिलांकोविच

आमच्या या किनाऱ्यावर जन्मलेल्या प्रत्येक मुलाने परशुरामाची कथा आजीच्या तोंडून ऐकलेली असते. भार्गवाने सह्याद्रीवरून बाण सोडला, समुद्र मागे सरला आणि जी भूमी वर आली ती आपली, अशी ती कथा. पुराणातील कथा शास्त्रातील पुरावा म्हणून पुढे करू नये, हे आम्हांस मान्य आहे. परंतु समुद्र मागे जातो आणि पुन्हा पुढे येतो, ही गोष्ट मात्र खरी आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी जगातील समुद्रांची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आज जेथे मच्छीमारांची जाळी पडतात तेथे त्या काळी कोरडी जमीन होती आणि किनारा पश्चिमेस कित्येक कोस दूर होता. हे सारे पाणी कोठे गेले होते? ते बर्फ होऊन पृथ्वीच्या उत्तर भागात साठून राहिले होते. मग ते बर्फ का साठले व का वितळले? या प्रश्नाचे उत्तर केवळ कागद, लेखणी आणि गणित यांच्या बळावर शोधण्यात ज्यांनी आयुष्याची तीस वर्षे वेचली, त्या मिलुटिन मिलांकोविच यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

मिलांकोविच यांचा जन्म २८ मे १८७९ रोजी डॅन्यूब नदीच्या काठी दाल्य या गावी एका सुखवस्तू सर्बियन कुटुंबात झाला. हे गाव त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. आज ते क्रोएशियात आहे. लहानपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. प्रकृती नाजूक असल्यामुळे त्यांचे आरंभीचे शिक्षण घरीच झाले. पुढे ओसियेक येथील विद्यालयात व्लादिमिर वारिचाक या गणितशिक्षकांनी त्यांच्या मनात गणिताची गोडी उत्पन्न केली. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यालयात स्थापत्यशास्त्राचा अभ्यास करून १९०४ साली त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली. सळयांच्या काँक्रीटचे बांधकाम त्या काळी नवीन होते. धरणे, पूल व इमारती बांधण्याच्या कामी या तरुण अभियंत्याने चांगले नाव कमावले आणि पैसाही त्यास पुष्कळ मिळू लागला.

अशा भर उमेदीच्या काळात, १९०९ साली, बेलग्रेडच्या विद्यापीठाने त्यांना गणिताचे अध्यापक म्हणून बोलाविले. तेथील वेतन व्हिएन्नातील मिळकतीच्या मानाने फारच थोडे होते. तरीही मिलांकोविच यांनी ती जागा स्वीकारली. आजवर कोणासही पूर्णपणे न सुटलेला एखादा मोठा प्रश्न हाती घ्यावा, अशी त्यांची आकांक्षा होती. आणि असा प्रश्न त्यांना हिमयुगांच्या कोड्यात सापडला.

हा प्रश्न अगदी नवा नव्हता. पृथ्वीच्या गतीतील बदलांमुळे हिमयुगे येत असावीत, ही कल्पना फ्रान्सच्या आदेमार यांनी १८४२ साली मांडली होती. ग्लासगोच्या एका शिक्षणसंस्थेत पहारेकऱ्याचे काम करीत स्वतःच्या हिमतीवर विद्वान झालेले जेम्स क्रोल यांनी ती पुढे नेली. लोकमान्य टिळकांनीही १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथात हिमयुगाचा काळ कोणता, याची चर्चा करताना क्रोल यांच्या मताचा विचार केला आहे. मात्र या विषयाचे गणित आरंभापासून अखेरपर्यंत कोणीही पुरे केलेले नव्हते.

ते गणित कशाचे होते, हे समजून घेण्यासाठी पृथ्वीच्या तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली गोष्ट तिच्या कक्षेची. सूर्याभोवतीची ही वाट कधी जवळजवळ वर्तुळाकार, तर कधी थोडी लांबट होते आणि हे आवर्तन सुमारे एक लाख वर्षांचे असते. दुसरी गोष्ट आसाच्या कलाची. हा कल आज सुमारे साडेतेवीस अंश आहे. परंतु सुमारे ४१ हजार वर्षांच्या आवर्तनात तो २२ अंशांपासून साडेचोवीस अंशांपर्यंत कमीअधिक होतो. तिसरी गोष्ट संपातचलनाची. फिरता भोवरा जसा डुलतो, तसा पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा घेतो. पंचांगातील अयनांशांचा वाद ज्या घरांत ऐकू येतो, त्या घरांतील मुलांस ही गोष्ट निराळी सांगावयास नको. या संपातचलनामुळे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या ऋतूत येते, हे हळूहळू बदलत जाते.

या तिन्ही गोष्टींचा एकत्र परिणाम काय होतो? कोणत्या अक्षांशावर, कोणत्या ऋतूत, किती हजार वर्षांपूर्वी सूर्याची किती उष्णता पोहोचत होती? हे सारे आकड्यांत मांडण्याचा संकल्प मिलांकोविच यांनी केला. त्या काळी गणकयंत्रे नव्हती. प्रत्येक आकडा हातानेच काढावयाचा होता.

काम नुकतेच सुरू झाले होते. १९१४ च्या जून महिन्यात त्यांचा विवाह झाला आणि ते पत्नीसह आपल्या जन्मगावी, दाल्यला गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा वध झाला व महायुद्धाचा भडका उडाला. सर्बियाचे प्रजाजन म्हणून मिलांकोविच यांस शत्रुपक्षाचे मानून अटक करण्यात आली. ज्या ओसियेकमध्ये ते विद्यार्थी म्हणून राहिले होते, तेथील किल्ल्यात आता ते बंदिवान झाले. कोठडीचे दार बंद झाल्यावर त्यांनी काय केले? सोबतच्या पेटीतून आपले अपुरे गणिताचे कागद काढले, लेखणी हाती घेतली आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत ते काम करीत राहिले. आपण कोठे आहोत याचे भान त्यांना कितीतरी वेळाने आले, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे.

व्हिएन्नातील त्यांचे जुने अध्यापक चुबर यांच्या खटपटीमुळे वर्षअखेर त्यांची कारागृहातून सुटका झाली. परंतु युद्ध संपेपर्यंत बुडापेस्ट शहराबाहेर जाण्याची त्यांना मोकळीक नव्हती. तेथील विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात बसून त्यांनी ही चार वर्षे अभ्यासात घालविली. एकीकडे राष्ट्रे एकमेकांचा विध्वंस करीत होती आणि दुसरीकडे शत्रूच्या राजधानीत हा एक नजरबंद मनुष्य मंगळावर किती थंडी असावी याचे गणित करीत होता. १९१९ साली ते बेलग्रेडला परतले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा ग्रंथ पॅरिस येथे फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला.

हा ग्रंथ जर्मनीतील हवामानशास्त्रज्ञ कोपेन यांच्या वाचनात आला. जगाच्या हवामानाचे त्यांनी केलेले वर्गीकरण विद्यार्थी आजही भूगोलाच्या पुस्तकात शिकतात. कोपेन यांनी मिलांकोविच यांस एक मोलाची गोष्ट सुचविली. हिमयुग येण्यास कडक हिवाळा लागतो, असे क्रोल यांचे मत होते. कोपेन यांच्या मते खरे कारण सौम्य उन्हाळा हे होते. उत्तरेकडे हिवाळ्यात बर्फ पडतेच. उन्हाळ्यात ते वितळले नाही, तर दरवर्षी थरावर थर साचत जातात. ही गोष्ट मिलांकोविच यांस पटली. त्यांनी सुमारे शंभर दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत आकडेमोड केली आणि ५५, ६० व ६५ या उत्तर अक्षांशांवरील गेल्या सहा लाख वर्षांतील उन्हाळ्याच्या उष्णतेची वक्ररेषा काढली. कोपेन व त्यांचे जामात वेगेनर यांनी १९२४ साली आपल्या ग्रंथात ही रेषा छापली. खंड सरकतात असे सांगणारे वेगेनर ते हेच.

पुढे आणखी सतरा वर्षे खपून मिलांकोविच यांनी आपले सर्व संशोधन सहाशेहून अधिक पानांच्या एका जर्मन ग्रंथात एकत्र केले. ग्रंथाची छपाई २ एप्रिल १९४१ रोजी पुरी झाली. चारच दिवसांनी, ६ एप्रिल रोजी, जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बाँबवर्षाव केला आणि तो छापखाना उद्ध्वस्त झाला. सुदैवाने छापलेले बहुतेक कागद बचावले. शहर शत्रूच्या ताब्यात गेल्यावर मे महिन्यात दोन जर्मन अधिकारी त्यांच्या दाराशी आले. ते मूळचे भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी होते आणि आपल्या गुरूंचा नमस्कार घेऊन आले होते. मिलांकोविच यांनी ग्रंथाची एक प्रत त्यांच्याच हाती जर्मनीस पाठविली. आपले काय व्हावयाचे ते होवो, पण हे काम टिकले पाहिजे, एवढीच त्यामागील भावना असावी, असे आम्हांस वाटते.

परंतु खरी कसोटी युद्धानंतर आली. रेडिओकार्बनच्या साहाय्याने जुन्या लाकडाचे व मातीचे वय काढण्याची नवी रीत निघाली आणि तिने मिळालेल्या काही तारखा मिलांकोविच यांच्या रेषेशी जुळेनात. अनेक भूगर्भशास्त्रज्ञांनी त्यांचा सिद्धांत त्याज्य ठरविला. वास्तविक रेडिओकार्बनची मोजणी सुमारे ४०-५० हजार वर्षांपलीकडे पोहोचत नाही. लाखो वर्षांच्या प्रश्नाचा निकाल ती एकटी देऊ शकत नव्हती. वृद्ध मिलांकोविच या वादात फारसे शिरले नाहीत. आपले गणित बरोबर आहे याची त्यांना खात्री होती. पुरावा शोधणे हे भूगर्भशास्त्रज्ञांचे काम, असे ते मानीत. १२ डिसेंबर १९५८ रोजी बेलग्रेड येथे त्यांचे निधन झाले. त्या दिवशी त्यांचा सिद्धांत मानणारे जगात थोडेच होते.

त्यांच्या बाजूची साक्ष अखेर समुद्रातून आली आणि ती दिली प्रवाळांनी. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेट हजार वर्षांत सुमारे एक फूट या संथ गतीने समुद्रातून वर उचलले जात आहे. समुद्राची पातळी जेव्हा जेव्हा वाढून स्थिर झाली, तेव्हा तेव्हा तेथील किनाऱ्याशी प्रवाळांची भिंत तयार झाली. पुढे बेट उचलले गेल्याने ती कोरड्यावर आली. त्यामुळे त्या बेटाचा उतार घाटाच्या पायऱ्यांसारखा दिसतो. तेथील हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचे एक प्रवाळ पाण्याच्या पृष्ठभागाजवळच वाढते. म्हणून ते जेथे सापडेल तेथे एके काळी समुद्राची पातळी होती, हे निश्चित सांगता येते.

आता त्याचे वय कसे काढावयाचे? प्रवाळ आपला सांगाडा बांधताना समुद्राच्या पाण्यातील युरेनियम अल्प प्रमाणात आत घेते. थोरियम पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने ते सांगाड्यात आरंभी नसतेच म्हटले तरी चालेल. पुढे युरेनियमचा ठरलेल्या वेगाने क्षय होऊन त्यापासून थोरियम बनत जाते. तेव्हा जितके थोरियम अधिक, तितके प्रवाळ जुने. अशा रीतीने काही लाख वर्षांपर्यंतचे वय मोजता येते. ब्रोकर, मॅथ्यूज, मेसोलेला आदी संशोधकांनी बार्बाडोसच्या तीन पायऱ्यांची वये १९६८ साली प्रसिद्ध केली. ती सुमारे ८२ हजार, १०३ हजार व १२२ हजार वर्षे भरली. उत्तरेकडील उन्हाळा प्रखर होता, बर्फ वितळले असले पाहिजे व समुद्र चढला असला पाहिजे, असे गणिताने दाखविलेले काळ जवळजवळ हेच होते. मिलांकोविच यांच्या मृत्यूस त्या वेळी दहा वर्षे झाली होती.

पुढे १९७६ साली हेज, इम्ब्री व शॅकलटन यांनी खोल समुद्राच्या गाळात हीच आवर्तने दाखवून दिली. १९८९ साली बार्बाडोसजवळ समुद्रतळाला छिद्रे पाडून काढलेल्या बुडालेल्या प्रवाळांवरून, हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता, हे फेअरबँक्स यांनी सिद्ध केले. सर्वच कोडी सुटली आहेत, असे मात्र नव्हे. कक्षेच्या बदलाने उष्णतेत फारच थोडा फरक पडतो. तरी हिमयुगे एक लाख वर्षांच्या अंतराने इतकी तीव्र का झाली, यावर विद्वानांत अजून वाद आहे.

समुद्रकाठी राहणाऱ्या आम्हां लोकांना या साऱ्याचे महत्त्व काय? सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी पृथ्वी आजच्याइतकीच किंवा किंचित अधिक उबदार होती आणि समुद्र आजच्यापेक्षा सहा ते नऊ मीटर उंच होता, असे ठिकठिकाणचे प्रवाळ सांगतात. १९०० पासून समुद्राची पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली आहे. आणि या वाढीचे मुख्य कारण पृथ्वीची संथ आवर्तने नसून माणसाने जाळलेला कोळसा व तेल हे आहे. खाजणाचा बांध ज्यांनी पिढ्यान् पिढ्या राखला, त्यांच्या मुलांनी हे आकडे नुसते परीक्षेपुरते पाठ करून भागणार नाही.

मिलांकोविच यांच्या अस्थी १९६६ साली दाल्य येथे नेण्यात आल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी बार्बाडोसची ती वये जगापुढे आली. आपल्या वहीतील एखादे गणित पुस्तकातील उत्तराशी जुळले नाही, म्हणजे विद्यार्थी ते घाईने खोडून टाकतात. मिलांकोविच यांनी आपले गणित पुन्हा पुन्हा तपासले. चूक सापडली नाही, म्हणून ते खोडले नाही. तपासणे व न खोडणे या दोन्ही गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यापासून घ्याव्यात, एवढेच आमचे सांगणे आहे.