विश्लेषण : कोल्ह्यांच्या स्वभावातून माणसाचा शोध… कोण होते दिमित्री बेल्याएव?

लांडग्याचा कुत्रा कसा झाला, हे पाहायला कोणी हजर नव्हते. तोच बदल डोळ्यांदेखत घडवून पाहण्याचे धाडस सोव्हिएत जनुकशास्त्रज्ञ दिमित्री बेल्याएव यांनी केले.

धोका कोणता होता?

बेल्याएव यांचा जन्म १९१७चा. थोरले बंधू निकोलाय हेही जनुकशास्त्रज्ञ. स्टालिनच्या दडपशाहीत १९३७ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. १९४८ मध्ये लायसेन्को यांच्या प्रभावामुळे जनुकशास्त्रावर बंदी आली आणि बेल्याएव यांचे विभागप्रमुखपद गेले. तरीही त्यांनी हा विषय सोडला नाही. १९५९ मध्ये ते सायबेरियातील नोवोसिबिर्स्क येथील संस्थेचे संचालक झाले.

प्रयोग काय होता?

ल्युडमिला त्रुत यांच्या साथीने त्यांनी फरसाठी पाळलेले रुपेरी कोल्हे निवडले. कसोटी एकच : माणूस जवळ आल्यावर कोल्हा घाबरतो, चावतो की शांत राहतो? प्रत्येक पिढीतील सर्वांत शांत कोल्ह्यांचीच पैदास केली गेली. त्यांना कसलेही शिक्षण दिले नाही. तरीही अवघ्या काही पिढ्यांत पिल्ले माणसाला पाहून शेपूट हलवू लागली, हात चाटू लागली. ताणाशी संबंधित संप्रेरकांचे प्रमाण घटले. काहींचे कान लोंबते, तर अंगावर पांढरे ठिपके दिसले. पुढे मुद्दाम आक्रमक कोल्ह्यांची वेगळी शाखाही वाढवण्यात आली.

माणसाशी संबंध काय?

स्वभावाचा काही भाग वारशाने येतो, हे यातून ठळक झाले. माणसानेही स्वतःला असेच माणसाळवले असावे, असा विचार बेल्याएव यांनी मांडला. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले; प्रयोग त्रुत यांनी पुढे नेला. २०१८ मध्ये कोल्ह्याचा संपूर्ण जनुकसंच उलगडला. शांत व आक्रमक शाखांत फरक असलेले १०३ भाग त्यात सापडले. त्यातील काही जनुकांचा माणसातील स्वमग्नता व द्विध्रुवीय विकाराशी संबंध आढळला आहे.

आक्षेप कोणते?

मूळ कोल्हे रानटी नव्हते; त्यांचे पूर्वज कॅनडातील फर-फार्मवर वाढलेले होते. त्यामुळे ठिपक्यांसारखी काही लक्षणे आधीपासूनच असावीत, असे २०१९ मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिले. स्वभावातील बदल मात्र त्यांनीही नाकारला नाही.