रुडॉल्फ डिझेल

रुडॉल्फ क्रिस्टियान कार्ल डिझेल (जन्म : पॅरिस, १८ मार्च १८५८, मृत्यू : २९ सप्टेंबर १९१३) हे जर्मन यंत्रअभियंते व संशोधक होते. विजेच्या ठिणगीवाचून, केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटविणाऱ्या इंजिनाचे ते जनक होत. पुढे त्यांचे नाव इंजिनाला आणि इंजिनावरून इंधनालाही पडले. त्यामुळे ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल ओतणाऱ्या अनेकांना हे एका माणसाचे आडनाव आहे, याची कल्पना नसते.

बालपण व शिक्षण

डिझेल यांचे आईवडील मूळचे बव्हेरियाचे. वडील पॅरिसमध्ये पुस्तकबांधणी व चामड्याच्या वस्तूंचा व्यवसाय करीत. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटल्यावर या जर्मन कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले. रुडॉल्फ यांना आउग्सबुर्ग येथे नातेवाइकांकडे शिकण्यास पाठविण्यात आले. म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत कार्ल फॉन लिंडे हे त्यांचे अध्यापक होते. १८७९ मध्ये विषमज्वरामुळे त्यांची अंतिम परीक्षा हुकली. पुढील वर्षी मात्र ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले. त्यानंतर त्यांनी लिंडे यांच्या शीतयंत्रांच्या व्यवसायात नोकरी केली. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

इंजिनाची निर्मिती

वाफेच्या इंजिनात कोळशातील बहुतांश उष्णता वाया जाते, हे शल्य विद्यार्थिदशेपासून त्यांच्या मनात होते. १८९२ मध्ये त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला व १८९३ मध्ये आपला सिद्धान्त पुस्तकरूपाने मांडला. आउग्सबुर्गचा यंत्रकारखाना व क्रुप यांनी प्रयोगांचा भार उचलला.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या प्रायोगिक इंजिनात इंधन सोडले गेले. ते पेटले, परंतु दाब एवढा वाढला की दाबमापक उपकरण फुटून उडाले. हे इंजिन स्वतःच्या बळावर चाललेच नाही. याच दिवशी शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालले, अशी समजूत रूढ असून १० ऑगस्ट हा जैवइंधन दिन म्हणून साजरा केला जातो. वस्तुतः त्या दिवशीचे इंधन पेट्रोल होते. शेंगदाण्याच्या तेलावर चाललेले छोटे डिझेल इंजिन १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातले. ते ओटो कंपनीने बनविले होते. वनस्पतितेलाच्या शक्यतेबद्दल डिझेल यांनी पुढे आस्थेने लिहिले हे खरे, पण दोन घटनांची गल्लत करू नये.

१७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्रा. मोरिट्झ श्र्योटर यांनी सुधारित इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. सुमारे २० अश्वशक्तीच्या या इंजिनाची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. तत्कालीन वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत हा आकडा विलक्षण होता.

इंधनाचा प्रश्न

डिझेल यांची खरी कसोटी इंधन पोहोचविण्यात लागली. दाबलेल्या हवेने आधीच भरलेल्या सिलिंडरमध्ये इंधन शिरवायचे, तर त्याहून अधिक दाब हवा. त्यांनी इंधन उच्चदाबाच्या हवेच्या झोताबरोबर आत फुंकण्याची योजना केली. त्यासाठी इंजिनाला अवजड कॉम्प्रेसर जोडावा लागे. कारखाना व जहाज यांना ते परवडणारे होते, नांगराला नव्हे. हवेवाचून थेट पंपाने इंधन फवारण्याची पद्धत इतरांनी विकसित केली. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये इंधनपंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. भारतात १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या 'मायको' या तिच्या सहयोगी कंपनीचे नाव आजही जुन्या मिस्त्रींच्या तोंडी पंपाचे नाव म्हणून असते. महाराष्ट्रात १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने डिझेल इंजिन विहिरीपर्यंत पोहोचविले.

ज्या हवेला डिझेल यांनी इंधनाचे वाहन केले, तीच हवा पंपाच्या पद्धतीत शत्रू ठरली. इंधन दाबले जात नाही. हवा दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पंपाचा धक्का तो बुडबुडा गिळतो, नोझल उघडण्याएवढा दाब तयार होत नाही आणि इंजिन सुरू होत नाही. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात पेरणीच्या ऐन घाईत जुना ट्रॅक्टर अडतो, तो पुष्कळदा याच कारणाने. टाकी कोरडी पडणे, फिल्टर बदलल्यानंतर हवा न काढणे, सैल बोल्ट, झिजलेला वॉशर, चिरलेली रबरी नळी ही नेहमीची ठिकाणे. ओढीच्या बाजूची गळती फसवी असते : तेथून डिझेल ठिबकेलच असे नाही, हवा मात्र आत जाते.

त्यामुळे तपास टाकीपासून पुढे करीत जावा. टाकीच्या झाकणाचे छिद्र व कॉक, मग फीड पंप, मग फिल्टर. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा व बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळावा. हीच कृती इंधनपंपावर व शेवटी नोझलकडील नळीच्या नटावर करावी. टाकीत साचलेले पाणी व गाळ पंपाचे सूक्ष्म भाग खराब करतात. काळा धूर व ठोका येत असेल तर ठिबकणारे नोझल हेही कारण असू शकते. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. तो त्वचा भेदून आत शिरतो.

अखेरचे दिवस

परवान्यांच्या विक्रीतून डिझेल धनवान झाले. परंतु प्रारंभीच्या इंजिनांतील बिघाड, एकस्वाचे वाद आणि फसलेल्या गुंतवणुकी यांनी त्यांचे स्वास्थ्य व संपत्ती दोन्ही खालावली. २९ सप्टेंबर १९१३ रोजी ते अँटवर्पहून 'ड्रेस्डेन' या बोटीने इंग्लंडला निघाले. रात्रीच्या जेवणानंतर ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी अंथरूण न वापरलेले आढळले. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. त्यावरील वस्तू त्यांचे पुत्र ऑयगेन यांनी ओळखल्या. डायरीत त्या तारखेपुढे फुलीची खूण होती आणि कर्जाचा डोंगर उभा होता. त्यामुळे आत्महत्येचा तर्क सर्वाधिक ग्राह्य मानला जातो. खुनाच्या कथा सांगितल्या जातात, पण त्यांना पुरावा नाही.

आउग्सबुर्ग येथे त्यांच्या स्मरणार्थ जपानी पद्धतीचे शिलाउद्यान आहे. यानमार कंपनीचे संस्थापक मागोकिची यामाओका यांनी ते १९५७ मध्ये भेट दिले. त्यांच्या कंपनीने डिझेल इंजिन लहान करून जपानी शेतकऱ्याच्या हाती दिले होते.